खर्जासाठी मान

बोरीच्या पुलावर बस अडकते.
मांडीवरच्या पिशवीत गिटार, बिनमानेची,
नुसतं धड.
शेजारची बाई विचारते, "कितें गो तें?"
"दुरुस्तीला," मी म्हणते. ती मान हलवते.
तिला आहे, ती हलवते.

कुडतरीला, तळ्याच्या बांधामागे, पत्र्याची शेड.
रोमुआल्द मास्तर घोट्याएवढ्या भुशात उभा.
"कितलें सकयल?" असं विचारतो
जशी विहीरच खणायची आहे.
"ला," मी सांगते. "सगळ्यांत खालचा."
त्याने चर्चच्या शाळेत सोल्फा घोकलेला,
मी फोंड्याला खर्ज.

खर्ज म्हणजे पहाटे साडेपाच,
पोटात फक्त कोमट पाणी
आणि सुलक्षणाबाईंचा हात तानपुऱ्यावर:
अजून खाली. बस तिथे.
मला बसता यायचं नाही.
मंद्र पंचमाच्या खाली गळ्यात नुसता वारा,
रिकाम्या शहाळ्यात फुंकर मारावी तसा.
बाई म्हणायच्या, मुलीच्या जातीला तेवढं पुरे.
पुरलं नाही.

साडेपंचवीस इंचांच्या मानेवर
मी जाड तार चढवून पाहिली आहे.
ती लोंबते, ओल्या चादरीखालच्या दोरीसारखी.
छेडली की आधी वर पळते,
मग उशिरा, ओशाळून, स्वरावर येते.
पट्ट्यांवर आपटते. तिचा दोष नाही,
ताण धरायला तिला लांबी नाही.

मास्तर भिंतीवरून एक मान उतरवतो.
परदेशी मॅपल, अठ्ठावीस इंच, पातळ;
अंगठा सरकतो तो थांबतच नाही.
मला हीच हवी.
तो एक टोक दातांत धरतो,
दुसऱ्या टोकाला मला टिचकी मारायला लावतो.
कान रंधा मशीनने नेले,
उरलेलं तो दाढेने ऐकतो.
म्हणतो, आवाज चांगला, पण जुलैत हिचं धनुष्य होईल.
मग, "हात दाखय."
बाकावर माझा हात पालथा. टेप लावतो
करंगळीपासून अंगठ्यापर्यंत,
गिटार मोजतच नाही.
पहिल्या घरात पोचायला
मला खांदा उसना आणावा लागेल,
हे मलाही दिसतं.
तरी थोडा वेळ ती मान मी सोडत नाही.

दारामागे एक उभी आहे,
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.
सत्तावीस. मधून शिसवीच्या दोन पट्ट्या,
पाठ जाड, कोयत्याच्या मुठीसारखी,
बाराव्या घराजवळ गाठ.
तेल्मोने सांगितली होती. तेल्मो स्विंडनला गेला,
तिथे गोदामात खोकी उचलतो.
तीन पावसाळे ही इथेच
ओल प्यायली, सुकली, ओल प्यायली,
वाकायची तेवढी वाकून झाली.

खोबणीत बसते. चार स्क्रू. तारा.
शेवटची, सगळ्यांत जाड,
तो खुंटी उलटी फिरवत नेतो.
मी म्हणते, अजून.
अजून.
ला.

खिळ्यांचा डबा शहारतो.
बाकाखालचं कुत्रं उठून बाहेर जातं.
मास्तरचं कोपर बाकावर, डोळे मिटलेले.
धड माझ्या पोटाशी धरलेलं,
आणि गळ्यात, जिथे वारा होता तिथे,
काहीतरी येऊन बसतं.
मी तोंड उघडत नाही.

"पावसात पाव फेरा," षट्कोनी चावी देत तो म्हणतो.
"अर्धो न्हय. पाव."
गाठीचे पाचशे किमतीतून वजा करतो,
मग आठवून शंभर परत लावतो:
दाराला आता दगड शोधावा लागेल.

रात्री घरी पोचते तर वीज गेलेली.
अंधारात कुलपाला
बराच वेळ तीच चावी लावत राहते.